आठ दिवसांनी नळ आणि तेवढ्याच दिवसांत डास

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस सुरू झाला की खान्देशात गावोगावी डेंग्यूच्या रुग्णांच्या बातम्या येऊ लागतात आणि पाठोपाठ धूरफवारणीची मागणी होते. मागणी करणाऱ्यांची तळमळ खरी आहे. पण हा रोग पसरतो कसा हे पाहिले, तर मागणी धुराच्या गाडीची नव्हे, नळाच्या पाण्याची करावी लागेल, असे मला वाटते.

आमच्या गल्लीत आठव्या दिवशी पाणी येते. साहजिकच प्रत्येक घरी जिन्याखाली दोन-तीन ड्रम भरलेले असतात. गेल्या महिन्यात शेजारच्या ड्रमवरचे फडके बाजूला करून मी बॅटरीचा उजेड टाकला, तेव्हा पाण्याच्या पृष्ठभागाला तिरक्या लटकलेल्या अळ्या वळवळत तळाशी गेल्या. त्या घरातली मुलगी तेव्हा डेंग्यूनेच दवाखान्यात होती. घर झाडून-पुसून लख्ख, ड्रममधले पाणीही नितळ. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या मादीला अंडी घालायला गटार लागत नाही, असे साठवलेले स्वच्छ पाणीच लागते.

अंड्यापासून डास तयार व्हायला आपल्याकडच्या उबदार हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात आणि म्हणूनच आठवड्यातून एक 'कोरडा दिवस', म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी करण्याचा दिवस, पाळण्यास सांगितले जाते. परंतु ज्या बाईला आठव्या दिवशी पाणी मिळणार, तिने सातव्या दिवशी उरलेला अर्धा ड्रम ओतून द्यावा कसा? शिवाय नुसते ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेजवळ आतल्या बाजूला चिकटलेली असतात व कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात, त्यामुळे ड्रम, रांजण आणि उन्हाळा सरल्यावर गच्चीवर टाकून दिलेल्या कूलरचा तळ घासूनच काढावा लागतो. धुराने उडते डास मरतात. ड्रममधल्या अळ्यांना त्याने काहीच होत नाही.

दुसरा मुद्दा शरीराच्या प्रतिकाराचा. "मागे एकदा होऊन गेला, आता भीती नाही," असे अनेक जण निर्धास्तपणे म्हणतात. गोवराच्या बाबतीत हे बहुतांशी खरे आहे, डेंग्यूच्या बाबतीत नाही. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराशी लढताना रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे त्या प्रकारापासून दीर्घकाळ वाचवतात, मात्र पुढे दुसरा प्रकार शिरला तर ती त्याला चिकटतात खरी, पण निकामी करू शकत नाहीत, उलट पेशींत शिरायला वाटच करून देतात. म्हणून दुसऱ्या खेपेचा डेंग्यू अधिक गंभीर होण्याची शक्यता असते. ताप उतरला म्हणजे संकट टळले, हाही समज घातक आहे. कारण रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा धोका बहुधा ताप उतरण्याच्या सुमारासच असतो. तेव्हा पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त येणे असे काही दिसले, तर तास न दवडता रुग्णालय गाठावे. अँटिबायोटिकचा विषाणूवर काहीही परिणाम होत नाही, आणि अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेतल्यास रक्तस्राव वाढू शकतो.

तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रुग्णाला चावलेला डास पुढे आठ-बारा दिवसांनी इतरांना रोग देऊ लागतो. हा डास दिवसा चावतो. तेव्हा रुग्णाला दुपारीही मच्छरदाणीत झोपवणे ही साऱ्या गल्लीची काळजी घेणे आहे.

निदान जून ते ऑक्टोबर या काळात तरी, थोडे का होईना, पाणी पाच दिवसांच्या आत मिळावे, पाळीचा वार ठरलेला असावा आणि तो चुकणार असेल तर आदल्या दिवशी दवंडी द्यावी, एवढीच पाणीपुरवठा पाहणाऱ्यांना विनंती आहे. नळ कोणत्या वारी येणार हे नक्की कळले, तर आदल्या संध्याकाळी ड्रम घासायला आमच्या गल्लीतली एकही बाई मागे राहणार नाही.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, जळगाव जिल्हा