गाळ काढा, पण टाकता कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खाडीच्या तोंडाशी साचलेला गाळ काढावा, ही मच्छीमारांची मागणी रास्त आहे. ओहोटीला होड्या टेकतात, हे मी लहानपणापासून पाहते आहे. माझी तक्रार उपसलेला माल कुठे टाकतात याबद्दल आहे. आमच्याकडे गेल्या खेपेला तो खाडीच्या उत्तरेला, कमरेएवढ्या पाण्यातच ओतला. त्यात निम्मे खडे आणि शिंपल्यांचा चुरा. विचारलं तर म्हणाले, "बाई, समुद्रच तो. वाळूवर वाळू पडली."

आमची घरची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, होती. ओढून झाली की बारीक मासळी वेचायचं काम आम्हा पोरांचं. उत्तरेला वाळू पायाला पिठासारखी लागायची, तिथे बोटभर लांबीचे लेपे, म्हणजे तळाशी राहणारे चपटे मासे, ढिगाने मिळत. दक्षिणेला खडपाजवळ एखादाच. आजोबा म्हणत, "लेप्याक मऊ हातरूण लागता."

पुढे शाळेत विज्ञान शिकवताना मी हे करून पाहिलं. पत्र्याच्या पसरट टबात एकीकडे ती मऊ वाळू, दुसरीकडे शिंपल्यांचा चुरा, वर समुद्राचं पाणी आणि त्यात सात जिवंत पिल्लं. तास संपेपर्यंत सहा जणं वाळूत गडप झाली, वर नुसते डोळे. सातवं चुऱ्यावर फडफडत राहिलं, त्याला अंग झाकताच येईना.

लेप्याचं पिल्लू जन्मतः इतर माशांसारखंच असतं, दोन बाजूंना एकेक डोळा, पाण्यात तरंगणारं. मग उजवा डोळा सरकत डावीकडे येतो आणि ते तळाशी आडवं होतं ते कायमचं. त्या वयात अंगावर ओढून घेता येईल अशी बारीक वाळू हाच त्याचा आडोसा. जाड कण त्याला उचलत नाहीत. मोठा मासा थोडं भरड चालवून घेतो, पिल्लू नाही. शिवाय खायचे किडे त्याच मऊ तळात.

युरोपात उत्तर समुद्रात 1989 साली चपट्या प्लेस माशाच्या पिल्लांसाठी किनाऱ्यालगतच्या मोठ्या पट्ट्यात मोठ्या ट्रॉलरना बंदी घातली गेली. अपेक्षेइतका फायदा झाला नाही, पिल्लंच पुढे खोल पाण्याकडे सरकली. म्हणून मी नकाशावर रेघ मारून बंदी मागत नाही. टाकण्याआधी त्या जागेचा तळ मूठभर उचलून पाहा, आणि मऊ लागला तर भरड माल तिथे ओतू नका, एवढंच. जागा माहीत नसेल तर कुठल्याही रापणकराला विचारा, तो हात करून दाखवेल.

या हिवाळ्यात उत्तरेला रापण ओढली. जाळं दोन ठिकाणी फाटलं आणि लेपे आले चार. एका खेपेवरून निष्कर्ष काढू नये, हे मीच मुलांना शिकवत आले. पण पुढच्या खेपेचा माल तरी दुसरीकडे न्या.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग