ओंकारला कुठलं गाणं देऊ?

सावदा, जि. जळगाव
एप्रिल, ऊन मरणाचं

प्रिय दिल्या,

रागावला असशील. तुझे फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. उचलले असते तर 'मजेत' म्हणालो असतो आणि तू लगेच पकडलं असतंस. तब्येती ठीक. माझी शुगर आहे तिथेच, अक्काचे गुडघे गेले, जीभ शाबूत आहे.

ओंकार घरी आलाय. पुण्याची नोकरी सोडली म्हणतो, का ते सांगत नाही. दिवसभर माडीवर, दार लोटलेलं. हाक मारली की जेवायला येतो, अर्धी भाकरी खातो आणि स्वतःचं ताट विसळून पालथं घालून ठेवतो. ते ताट बघून माझ्या पोटात कालवतं. आपल्याच घरात पाहुण्यासारखं वागतंय रे पोरगं. जळगावला डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या चालू आहेत. गल्लीत कोणी विचारलं, "काब्र भो, पोरगा घरीच दिसतो?" तर मी 'वर्क फ्रॉम होम' म्हणून मोकळा होतो.

परवा रात्री मी अंगणात खाट टाकून पडलो होतो. हा खाली आला, उभ्या उभ्याच म्हणाला, "पप्पा, एखादं गाणं सांगा ना. झोप येत नाहीये."

आणि दिल्या, मला एक गाणं सुचेना! भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांपुढच्या कट्ट्यावर, कुठल्या वेळेला कुठलं गाणं यावरून ज्याने तुझ्याशी अबोले धरले, त्याला!

आपलं भांडण आठवतंय ना? तू म्हणायचास, माणूस पडला की धिंगाणा लाव, आपोआप उठतो. मी अजूनही माझ्याच मतावर आहे. खचलेल्या माणसाला नाचाचं गाणं लावणं म्हणजे सुतकातल्या घरापुढून वरात वाजवत नेणं. तो जिथे बसलाय तिथे आधी त्याच्या शेजारी बसणारं गाणं हवं. (वरातीवरून आठवलं, तुझ्या वरातीत बँडवाल्याने 'बाबुल की दुआएँ' धरलं होतं. नवरदेवाच्या वरातीत! तुझे काका काठी घेऊन धावले आणि तू घोड्यावरून म्हणतोस, "राहू द्या, क्लॅरिनेट सुरात आहे.")

तर बराच वेळ डोकं खाजवून 'वो शाम कुछ अजीब थी' सांगितलं. १९६९चा 'खामोशी', हेमंतकुमारचं संगीत. किशोर त्यात रडत नाही, समजूतही काढत नाही, खालच्या आवाजात नुसता सोबत असतो. तू म्हणशील, किशोर काय, आपलाच. भुसावळहून गाडीत बसलं की खंडवा. बरं बाबा, तुझाच.

थोड्या वेळाने माडीवरून मला मोबाईलवर गाणं आलं. काय असेल? पिंक फ्लॉइडचं 'विश यू वेअर हिअर'. मी एकटाच हसत सुटलो. सुरुवातीला रेडिओची खरखर, स्टेशन बदलल्याचे आवाज, मग गिटार लांबून आल्यासारखी. आपण नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये हे भरून आणलं होतं आणि रेकॉर्डिंग खराब आहे म्हणून तू दुकानदाराची गचांडी धरायला निघाला होतास. खरखर मुद्दाम आहे हे तो बिचारा सांगत होता, तर तू म्हणालास, "मग पैसे पण मुद्दाम अर्धेच घ्या."

दुसऱ्या दिवशी ओंकारनेच सांगितलं, की ते गाणं त्यांच्या सिड बॅरेटसाठी आहे. बँड सुरू करणाऱ्यांतला, मनाने ढासळत गेला. १९७५ साली याच अल्बमचं काम चालू असताना तो स्टुडिओत येऊन बसला आणि जुन्या दोस्तांनी त्याला आधी ओळखलंच नाही. एवढं बोलला आणि वर गेला. इतक्या दिवसांत सलग एवढं पहिल्यांदाच बोलला. मी खूश व्हायचं की घाबरायचं?

कारण आता तो तेच गाणं लावून बसतो. तेच, पुन्हा पुन्हा. आपल्या वेळी साईड संपली की खटका उडायचा, उठून कॅसेट उलटावी लागायची. टेप गुंतली तर पेन्सिल शोधा. दुःखातून तेवढं तरी उठणं व्हायचं. फोनला खटका नाही. पहिलं गाणं कुठलं लावावं यावर आपण जन्मभर भांडलो, पण दुसऱ्यावर कधी जायचं, हे कधी बोललोच नाही रे. ही म्हणते, भजन लावा. लावलं, तर तो हेडफोन घालून बसला.

दोन गोष्टी केल्या. पहाटे मळ्यात जाताना त्याला पिकअपमध्ये घातलं आणि 'जैत रे जैत' लावलं. 'नभ उतरू आलं' ला त्याने काच खाली केली, विचारलं, "कोणी लिहिलंय?" म्हटलं, पळसखेड्याच्या महानोरांनी. बस, एवढंच. दुसरं, तू पुण्याहून आणलेली ती इंडियन ओशन बँडची 'कंदीसा'. त्यातलं 'मा रेवा' पाठवलं. गाणाऱ्या राहुल रामने नर्मदा आंदोलनात काम केलंय, आपल्या धडगाव-अक्कलकुव्याचीच नदी ती, हेही लिहिलं. दुःखानंतर डायरेक्ट आनंद नको, मध्ये थोडा राग येऊ दे. त्या कंपनीवर तरी चिडू दे त्याला! अजून उत्तर नाही.

आता तुझं काम. 'आ चल के तुझे' तू पाठव. ते पहिल्या रात्रीच माझ्या ओठांवर आलं होतं, गिळलं. 'दूर गगन की छाँव में' मध्ये बाप घरी येतो आणि पोराची वाचा गेलेली असते. पडद्यावर बाप किशोर आणि पोरगा खरोखरचा अमितकुमार. मी पाठवलं तर ओंकारला वाटेल, बाप टोमणा मारतोय. दिल्याकाकाने पाठवलं तर नुसतं गाणं राहील. सोबत चार ओळी लिही, पण नोकरीचं अक्षर काढू नकोस. आणि धिंगाणा सध्या तुझ्याकडेच ठेव.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? सईची बारावी आटोपली का? वेफर्सचा डबा बसने धाडतो, तिखट तुझे, साधे तिचे.

तुझा,
संज्या

ता. क. गाणं रात्री दहानंतर पाठव. दिवसा तो फोन बघत नाही.