मनू, तुझ्या त्या ग्रहाबद्दल

कराड

चि. मनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर "बाबा, मी इथे काय करते ते तुम्हाला ठाऊक तरी आहे का?" असं म्हणून तू फोन ठेवलास. बोलणं चाललं होतं तब्येतीचं, ते तू बरोबर ग्रहावर नेलंस. दादा बोलून गेला म्हणून, नाहीतर तू जिन्यात चक्कर येऊन पडलीस हे आम्हाला कळलंही नसतं. हिमोग्लोबिन आठ! असो. तब्येतीबद्दल या पत्रात अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. ग्रहाबद्दलच लिहितो, म्हणजे मला किती ठाऊक आहे ते तुलाही कळेल.

तुझ्या भाषणाचा व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. अडलं तिथे भूगोलाच्या सरांना जाऊन विचारलं. ग्रहाचं नाव एचडी ८०६०६ बी. (नाव कसलं, गाडीचा नंबर वाटतो.) सप्तर्षीत, सुमारे २१७ प्रकाशवर्षांवर. म्हणजे आज तुमच्या यंत्रात पडणारा उजेड दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत तिथून निघालेला. आकाराने गुरूएवढा, वस्तुमान मात्र गुरूच्या चौपट. २००१ मध्ये सापडला. इथवर काही अवघड नव्हतं. कक्षा पाहिली आणि मी चष्मा पुसला.

उत्केंद्रता, म्हणजे कक्षा किती लांबुडकी ते (शून्य म्हणजे गोल), ०.९३. आपली पृथ्वी जवळजवळ गोल फिरते, हा धूमकेतूसारखा लांबुडका. लांबच्या टोकाला ताऱ्यापासून तेरा कोटी किलोमीटर, जवळच्या टोकाला जेमतेम पंचेचाळीस लाख. जुन्या लॉगशीटच्या मागच्या कोऱ्या बाजूला आकृती काढली, तर तारा पार एका टोकाला गेला आणि उरलेला सगळा कागद नुसता लंबगोल. मग वेग काढला. लांब असताना सेकंदाला आठ-साडेआठ किलोमीटर, ताऱ्याला वळसा घालताना दोनशेच्या वर. कुंभार्ली घाटात वळण आलं की आमचा ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवतो. हा गडी नेमका वळणावर सुसाट सुटतो. म्हणून फेरी १११ दिवसांची असली, तरी ताऱ्याजवळ असतो काही तासच.

आणि ते ऊन! लांबच्या टोकाच्या आठशेपट. २००७ च्या नोव्हेंबरात स्पिट्झर दुर्बिणीने त्याच्यावर तीस तास नजर ठेवली, तेव्हा सहा तासांत त्याचं तापमान ८०० केल्विनवरून १५०० वर गेलं, हे तुझ्याच भाषणात आहे. तिथे तू पाणी प्यायला थांबलीस. आई म्हणाली, बघा हात कापतोय तिचा. मला काही दिसलं नाही, पण तेव्हापासून तेवढाच तुकडा परत परत लावून बघतोय. जेवण करून गेली होतीस का त्या दिवशी?

राहू दे. माझ्यासारख्या बस डेपोतल्या कंट्रोलरला जे खटकलं ते सांगतो. फेरी पूर्ण १११ दिवसांची नाही, वर ०.४ आणि थोडं आहे. म्हणजे दर खेपेला दहा-साडेदहा तास पुढे. एकदा तो तुमच्या रात्रीत जवळ आला, तर पुढच्या खेपेला तुमच्याकडे दिवस. त्यात ताऱ्यासमोरून पलीकडे जायला त्याला बारा तास लागतात. एका गावातल्या दुर्बिणीला अख्खं अधिक्रमण दिसणार कसं? इकडच्याने सुरुवात पाहायची, पार तिकडच्याने शेवट. हे मी गणितानेच काढलं, मग सरांनी सांगितलं की तसंच करावं लागलं होतं. २००९ च्या फेब्रुवारीत ते अधिक्रमण पहिल्यांदा दिसलं, तेव्हा टिपणाऱ्यांत लंडनच्या विद्यापीठातली शिकणारी मुलंही होती, तीही लहानशा दुर्बिणी घेऊन. हे वाचून फार बरं वाटलं.

आता मला एक सांग. जमिनीवरून बघणाऱ्यांनी रात्री जागायचं हे पटतं. तुझी जेम्स वेब दुर्बीण तर अवकाशात आहे. तिने २०२२ साली पाहून ठेवलेलं तू संगणकावर तपासतेस. ते आकडे सकाळी दहाला पळून जातात का? मग पहाटे तीन-तीनपर्यंत जागायचं कारण काय? रात्रपाळी मी वर्षानुवर्षं केली आहे. रात्री पोटात काय जातं ते मला नको सांगूस. चहा, परत चहा, आणि मिळालं तर फरसाण. तुमच्याकडे फरसाणाऐवजी कॉफी. तरुणपणी शरीर ऐकतं म्हणून त्याला गृहीत धरायचं नसतं, नानाचं काय झालं ते तू पाहिलंयस, आणि शिक्षण कितीही झालं तरी माणसाला वेळेवर दोन भाकऱ्या…

घे, लागलो लेक्चर द्यायला. माफ कर. हे खोडणार होतो, पण आई म्हणाली राहू द्या.

त्या ताऱ्याला जोडीदार आहे, एचडी ८०६०७. दोघांत पृथ्वी-सूर्य अंतराच्या हजारपटीहून जास्त अंतर, तरी त्याच्याच ओढीने या ग्रहाची कक्षा अशी ताणली गेली असावी, म्हणतात. ते ऐकलं आणि मला आपली जुन्या घराची गच्ची आठवली. लोडशेडिंगचे दिवस. तुला सप्तर्षी दाखवताना वसिष्ठाशेजारची अरुंधती दिसते का विचारलं, तर तू म्हणालीस, दिसते, पण त्या दोघांच्या मागे कोण आहे? आत्या हसत सुटली. मी उत्तर दिलं नाही, मला येतच नव्हतं. खाली दिवे आले, सगळे टीव्हीला पळाले, तू तिथेच उताणी पडून राहिलीस. डास चावून पाय लाल झालेले, तरी उठेना. तेव्हाच ओळखायला हवं होतं की ही मुलगी बँकेच्या परीक्षा देणार नाही.

डेपोत अजून जातो अधूनमधून. कँटीनमध्ये कुणीतरी विचारतंच, मनू काय करते? पूर्वी 'जर्मनीला असते' म्हणायचो. आता 'दुसऱ्या सूर्याच्या ग्रहाचं वेळापत्रक बघते' म्हणतो. परवा एका कंडक्टरने विचारलं, तिथे वस्ती आहे का? मी म्हटलं, बाबा रे, तिथे पाय ठेवायला जमीनच नाही, सगळा वायू. आणि हेही सांगितलं की ती कक्षा कायम अशी राहणार नाही. दर खेपेला तारा त्याला जवळून पिळतो, त्यात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते, आणि हळूहळू तो ताऱ्यालगत छोट्या गोल कक्षेत जाईल. त्याला किती काळ लागेल तेच मनू बघते, म्हटलं. बरोबर सांगितलं ना? चुकलं असेल तर कळव, दुरुस्त करून येतो.

पार्सल उद्या निघेल. नाचणीचं पीठ, मेतकूट, खजूर, अळिवाचे लाडू. लाडू मैत्रिणींत वाटून संपवू नकोस. लोहाच्या गोळ्या दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबूपाण्याबरोबर घे, अंगी लागतात. डॉक्टर काय म्हणाले ते दादाला न सांगता मला सांग. आईला मी हवं तेवढंच सांगेन.

माझ्या तक्त्यात पुढच्या दहा फेऱ्या मांडल्या आहेत, पण १११.४ च्या पुढचे आकडे नसल्याने तासांचा घोळ होतोय. ते पाठव. आणि रक्ताची तपासणी परत कराल तेव्हा तोही आकडा, जो येईल तो, खरा.

तुझे,
बाबा