कलिन्याचा पत्ता मुलांना कोण सांगणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बारावीचे निकाल जवळ आले की वृत्तपत्रांत, लोकलच्या डब्यांत, महामार्गावरच्या फलकांवर खासगी विद्यापीठांच्या जाहिराती झळकू लागतात. हिरवळ, काचेच्या इमारती आणि पॅकेजचे आकडे. त्यापायी कर्ज काढायला निघालेले पालक माझ्या ओळखीत बरेच आहेत. त्यांच्यापुढे मुंबई विद्यापीठाचे नाव काढले तर उत्तर ठरलेले: ‘तिथे काय, निकालसुद्धा वेळेवर लागत नाहीत.’ तक्रार खोटी नाही. २०१७ साली उत्तरपत्रिकांच्या ऑनलाइन तपासणीत जो घोळ झाला, तो कुणी विसरलेले नाही. पण परीक्षा विभाग म्हणजेच अख्खे विद्यापीठ असे आपण धरून बसलो आहोत आणि त्यात नुकसान मुलांचे होते आहे.

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांतल्या संलग्न कॉलेजांत शिकणाऱ्या मुलांची विद्यापीठाशी गाठ पडते ती हॉल तिकिटावर आणि मार्कशीटवर. मी ठाण्यापलीकडच्या एका कॉलेजात अनेक वर्षे शिकवले. टीवायची (पदवीच्या शेवटच्या वर्षाची) मुले कलिन्याला, विद्यापीठाच्या आवारात जायची ती ट्रान्सक्रिप्ट नाहीतर मायग्रेशन सर्टिफिकेट आणायला. खिडकीवर काम झाले की उलट पावली सांताक्रूझ स्टेशन. त्याच आवारात आपल्याला शिकता येईल असे काही आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसायचे.

मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती विज्ञान शाखेच्या हुशार मुलांबद्दल. जेईईत थोडक्यात हुकलेला मुलगा मिळेल त्या इंजिनिअरिंग कॉलेजात जातो. कलिन्याच्या आवारात २००७ पासून मूलभूत विज्ञानांचे एक उत्कृष्टता केंद्र आहे. विद्यापीठ आणि केंद्र सरकारचा अणुऊर्जा विभाग यांनी मिळून ते उभारले. बारावीनंतर थेट पाच वर्षांचे एमएस्सी, विषय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा गणित. शिकवायला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ येतात. प्रवेश ‘नेस्ट’ या देशपातळीवरच्या परीक्षेतून, म्हणजे भुवनेश्वरच्या नायसर या राष्ट्रीय विज्ञान संस्थेसाठी जी परीक्षा असते तीच. देशभरातली मुले ही परीक्षा देऊन सांताक्रूझला येतात आणि कल्याण-डोंबिवलीच्या मुलाला तिचे नावही ठाऊक नसते!

चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेचे नाव मात्र सर्वांना माहीत असते. १९६५ साली सुरू झालेली ही व्यवस्थापन संस्था मुंबई विद्यापीठाचीच आहे, हे सांगितले की लोक चमकतात.

भाषांचे तर विचारूच नका. मराठी, संस्कृत, पाली, उर्दू, गुजराती, सिंधी, कन्नड, जर्मन, फ्रेंच, रशियन असे विभाग एकाच विद्यापीठात आहेत. जर्मनसाठी खासगी क्लासला भरमसाट पैसे मोजणाऱ्यांनी एकदा तिकडे चौकशी करायला काय हरकत आहे? समाजशास्त्राचा विभाग १९१९ चा, पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केलेला आणि पुढे डॉ. गो. स. घुर्ये यांनी नावारूपाला आणलेला. भारतातल्या समाजशास्त्राचा पाया जिथे घातला गेला तिथे आज एमएला प्रवेश घेता येतो. नाटकवेड्या मुलांसाठी अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, लोककला अकादमी आहे. युवा महोत्सवात एकांकिका गाजवणारी मुलेही पुढे ‘नाटक रीतसर शिकायचे तर कुठे?’ असे विचारत फिरतात.

नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी दूरशिक्षणाची सोय १९७१ पासून आहे. बँकेत, दुकानात, रिक्षावर दिवस घालवून पदवी घेतलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. आमच्या काही सहकाऱ्यांनी या पदव्यांना नाके मुरडली. ते मला कधी पटले नाही.

पैशांचा मुद्दाही आहेच. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी शंभर टक्के माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये घेतला. त्यात सार्वजनिक विद्यापीठे येतात. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळली आहेत. जाहिरात पाहून मुलीचा प्रवेश घेणाऱ्या बापाला हे फी भरल्यावर कळते.

विद्यापीठात सगळे आलबेल आहे असे माझे म्हणणे नाही. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, वसतिगृहे अपुरी आहेत, आणि कोकणातून येणाऱ्या मुलाला मुंबईत खोली घेऊन राहणे परवडत नाही. रत्नागिरी, ठाणे, कल्याण इथे उपकेंद्रे आहेत, पण कलिन्यात जे मिळते ते सगळे तिथे मिळत नाही. त्यावर भांडायलाच हवे. मात्र जे आहे ते वापरायला मुलेच पुढे आली नाहीत, तर एखादा विभाग बंद करताना सरकारला ‘विद्यार्थी नाहीत’ हे आयते कारण मिळेल.

कॉलेजांनी एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) मुलांना एक दिवस विद्यानगरीत, म्हणजे कलिन्याच्या आवारात न्यावे; त्याला बसभाड्यापलीकडे खर्च नाही. आपल्याकडून अपेक्षा इतकीच की प्रवेशाच्या पुरवणीत विद्यापीठाच्या विभागांना अर्धे पान द्यावे, आणि ते जूनमध्ये नको. ‘नेस्ट’चे अर्ज बारावीच्या परीक्षेच्या सुमारासच भरायचे असतात आणि पुरवणी हातात पडेपर्यंत मुदत संपलेली असते.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, कल्याण