चाळीस फुटांचा इशारा सर्वांना पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पुराची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. धडधाकट माणसाला हा हिशेब पुरतो. पण सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर भागात पाणी त्याआधीच शिरते. कोरड्या रस्त्यावर अर्धांगवायूचा रुग्ण रिक्षातून नेता येतो. बोळात कमरेएवढे पाणी आले की त्यालाच चार माणसे आणि बोट लागते. म्हणून दिव्यांग आणि अंथरुणाला खिळलेल्यांना पातळी २५ फुटांवर जाताच हलवायला सुरुवात व्हावी.

ऑक्सिजनवरचे रुग्ण पहिल्या फेरीत. पाणी चढले की वीज बंद करावीच लागते आणि कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारे विजेवरचे यंत्र, तेव्हाच थांबते. मिनिटाला २ लिटर लागत असतील, तर दीड हजार लिटरचा भरलेला सिलिंडर जेमतेम १२ तास जातो.

बोटीत माणसाला व्हीलचेअरला बांधून कधीही बसवू नये. बोट कलंडली तर खुर्ची त्याला घेऊन बुडते. लाइफ जॅकेट घालून त्याला त्याच्याच गादीवर, बोटीच्या तळाशी बसवावे. गादी विसरली, तर मणक्याला इजा झालेल्याला फळीवर काही तासांतच जखम होऊ शकते, आणि त्याला ती कळतही नाही. घडी केलेली खुर्ची त्याच फेरीत न्यावी. ती घरी राहिली की छावणीत तो जागचा हलत नाही.

छावणी म्हणजे बहुधा शाळा. दोन फूट जोते असेल तर १:१२ उताराने २४ फूट रॅम्प लागतो. पायऱ्यांवर टाकलेल्या फळीवरून खुर्ची मागे उलटते. कमोड खुर्ची तर हवीच. ती नसली की लोक पाणी पिणेच सोडतात. भोंग्यावरची सूचना कर्णबधिरांना पोचत नाही. त्यांच्यासाठी मोबाइलवर संदेश आणि दार उघडून सांगणारा एक ठरलेला शेजारी, दोन्ही हवेत.

दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवायची आहे. नुसती नावे काय कामाची? मजला, वजन, औषधे, उचलणारे दोघे कोण, हेही त्यात लिहावे. मे महिन्यात रंगीत तालीम घ्यावी, तीही दिव्यांगांना सोबत घेऊन. स्ट्रेचरवर धडधाकट स्वयंसेवक झोपवला, की पट्टा कुठे काचतो ते कुणालाच कळत नाही.

– काही वाचक, सांगली