कंप्रेसर बंद करणाऱ्या दादांना

स. न. वि. वि.

दादा, माझ्या गाडीची टायमिंग चेन बदलल्याचे पैसे तुम्ही सांगितलेत, मी दिले, तो हिशेब मिटला. पण त्या सकाळी तुम्ही कंप्रेसर बंद करायला लावलात, त्याची नोंद बिलात कुठेच नाही. म्हणून हे पत्र. तुमचं नाव लिहीत नाही. तुम्ही गॅरेजवर साधा बोर्डसुद्धा लावलेला नाही, तेव्हा असं चारचौघांत नाव आलेलं तुम्हाला रुचणार नाही, असं धरून चालते. नऱ्ह्याकडचं पत्र्याचं शेड म्हटलं की ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तुमच्याकडे येण्याआधी काय काय झालं होतं ते मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं आता सांगते, कारण आता त्याचं थोडं हसू येतं. रागही येतोच.

गाडी म्हणायला घरातल्या सगळ्यांची, पण स्टिअरिंगवर मी. मुलीचा क्लास, सासूबाईंचे डॉक्टर, माझं ऑफिस, महिन्या-दोन महिन्यांतून वाई. त्यामुळे तिचा रोजचा आवाज कुठला आणि नवा कुठला, हे मला कळतं. तर सकाळी पहिल्यांदा चालू केली की पुढून खर्रर्र असा आवाज यायला लागला. दोन-तीन सेकंद, मग एकदम गप्प. मग कधीतरी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. मग पिकअप गेला. वाईला जाताना खंबाटकीच्या चढावर पाय पार खालपर्यंत दाबला तरी गाडी उठेना, मागून ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न, आणि सासूबाई मागे बसून रामरक्षा पुटपुटतायत.

मग सर्व्हिस सेंटर. एसी, कॉफीचं मशीन, टॅब घेतलेला ॲडव्हायझर. मी आवाजाचं सांगितलं. त्याने गाडी चालू केली, क्षणभर कान दिला आणि म्हणाला, "मॅडम, आवाज तर काहीच नाहीये." नसणारच! सिंहगड रोडच्या गर्दीतून रांगत आलेली गाडी, इंजिन चांगलं तापलेलं. मी म्हटलं, अहो, फक्त सकाळी थंड असताना येतो. त्यावर तो म्हणाला, "सरांना फोन देता का? मी त्यांना समजावतो." आमचे सर गाडीत बसले की मोबाइल बघतात. बॉनेट कुठून उघडतं हे त्यांना आजही विचारून बघा.

स्कॅनर लावला, कोड आला पी००१६. जॉबकार्डावर लिहून आलं, कॅम सेन्सर खराब. सेन्सर बदलला. दिवा विझला आणि थोड्या दिवसांनी परत उगवला. मग क्रँकचा सेन्सर. मग वायरिंग साफ केल्याचे पैसे. शेवटी ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटरच बदलावा लागेल, ४० हजारांच्या पुढे जाईल, "आणि तरी गॅरंटी देता येणार नाही मॅडम." प्रत्येक वेळी मी आवाजाचं सांगायचे आणि प्रत्येक वेळी ते जॉबकार्डावर यायचंच नाही. मधे एका गॅरेजवाल्याने तर दिवा डिलीट करून दिला आणि वर शहाणपण शिकवलं, की हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, सगळ्याच गाड्या अशा करतात. बिचारं इथेनॉल. त्याच्यावर हल्ली काहीही खपवता येतं.

आणि हे कुठे, तर पुण्यात! कोथरूडच्या टेकडीवर १९६६ सालापासूनची एआरएआय, गाड्यांच्या चाचण्या आणि संशोधन करणारी संस्था, पिंपरी-भोसरीत पिढ्यान्‌पिढ्या गाड्यांच्या सुट्या भागांवर जगलेली घरं, चाकणातून रोज नव्या गाड्या बाहेर पडतायत. आणि एका जुन्या गाडीचा तीन सेकंदांचा आवाज ऐकायला या शहरात माणूस मिळेना.

तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही स्कॅनर काढलाच नाहीत. "तुम्हाला काय जाणवतं ताई, ते सांगा," म्हणालात आणि मी बोलत होते तोवर मधे एक शब्द बोलला नाहीत. मग म्हणालात, "गाडी रात्री इथंच राहू द्या. मी हात लावत नाही. सकाळी तुम्ही या आणि स्टार्टर तुम्हीच मारा. गाडी दिवसातून एकदाच थंड असते."

सकाळी आले तर शेडमध्ये नुसता गोंगाट. कंप्रेसर धडधडतोय, एक पोरगा प्रेशरच्या पाण्याने टेम्पो धुतोय, शेजारी गेटच्या पट्ट्यांवर ग्राइंडर चाललाय, रेडिओ वेगळाच. मी मनात म्हटलं, झालं, इथेही तेच होणार. तुम्ही बॉनेट उघडलंत आणि पोराला म्हणालात, "कंप्रेसर बंद कर रे." मग पाणी बंद झालं. मग रेडिओ. मग तुम्ही स्वतः शेजारी गेलात आणि ग्राइंडरवाल्याला म्हणालात, "दोन मिनिटं थांब. ताई सांगतायत तो आवाज ऐकायचाय."

त्याने गॉगल कपाळावर सरकवला, ग्राइंडर खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवून तोही येऊन उभा राहिला. टेम्पो धुणारा पोरगा हातात पाइप तसाच धरून. तुम्ही एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतलात, टोक टायमिंग कव्हरला टेकवलंत, मूठ कानामागच्या हाडाला लावलीत आणि माझ्याकडे बघून मान हलवलीत. मी चावी फिरवली. खर्रर्र. तुमचं डाव्या हाताचं बोट वर गेलं. आवाज थांबला तसं बोट खाली आलं.

"आहे," तुम्ही म्हणालात. "बरोबर सांगताय तुम्ही."

दादा, तुमच्या दृष्टीने ते रोजचं काम असेल. पण तोवर मला सगळ्यांनी इतक्या गोड शब्दांत खोटं पाडलं होतं, की घरात "तुला भास होतात" इथपर्यंत मजल गेली होती. माझ्या शब्दाखातर कुणी आपलं चालू काम थांबवलं, शेजाऱ्याचंही थांबवलं, असं त्या सगळ्या प्रकारात पहिल्यांदाच घडत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तुम्ही पाहिलंत की नाही माहीत नाही. बहुतेक पाहिलंत, कारण तुम्ही लगेच पोराला चहा सांगायला पाठवलंत.

ग्राइंडरवाला मात्र जाताना म्हणाला, "चेन वाजतीय." त्यालासुद्धा कळलं! त्यालाही माझा नमस्कार सांगा.

पुढचं मी थोडक्यात लिहिते, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा बरं माहीत आहे. पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांच्या गाड्याही सकाळी खरखरत असतील, म्हणून तुम्ही मला सांगितलंत ते जमेल तसं मांडते. पिस्टनच्या जोरावर फिरतो तो क्रँक, व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो तो कॅमशाफ्ट. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक व्हायला हवा, आणि तोही ठरलेल्या जागी. दोघांना बांधून ठेवते ती चेन, आणि चेनला ताणून धरतो तो टेन्शनर, तेलाच्या दाबावर. रात्रभरात तेल खाली उतरतं. सकाळी दाब चढेपर्यंत ढिली चेन गाईडवर, म्हणजे तिला वाटेवर ठेवणाऱ्या पट्टीवर आपटते, तोच माझा खर्रर्र. एकदा दाब चढला की आवाज गायब. म्हणून दुपारी सर्व्हिस सेंटरमध्ये तो कधीच सापडणार नव्हता.

आणि त्या कोडचा अर्थ फक्त एवढाच, की कॅम आणि क्रँक यांचं एकमेकांशी जुळत नाहीये. का जुळत नाही, हे स्कॅनर सांगत नाही. ते माणसाने शोधायचं असतं. ढोल-ताशा पथकात ताशा पुढे गेला आणि ढोल मागे पडला, तर ऐकणाऱ्याला लगेच समजतं की काहीतरी बिनसलंय. तिथे सर्व्हिस सेंटरने काय केलं, तर ऐकणाऱ्याचाच कान बदलला. आधी एक, मग दुसरा. सेन्सर बिचारे खरं तेच सांगत होते.

तुम्ही तुमच्या त्या चिकटपट्टी लावलेल्या लॅपटॉपवर क्रँक आणि कॅमच्या सेन्सरच्या दोन रेषा काढून दाखवल्यात. आधी याच मॉडेलच्या दुसऱ्या एका धडधाकट गाडीच्या, तुम्ही जपून ठेवलेल्या. मग माझ्या गाडीच्या. क्रँकच्या चाकावर मुद्दाम दात गाळलेली जागा असते, तिथून मोजलं तर माझ्या कॅमची खूण सरकलेली होती. मला इलेक्ट्रॉनिक्समधलं ओ की ठो कळत नाही, पण सरकलंय हे दिसत होतं. तुम्ही कव्हर उघडायच्या आधी हे दाखवलंत, हेही मला महत्त्वाचं वाटतं. उघडल्यावर काय, कुणीही काहीही दाखवू शकतो.

चेनचा सेट आणायला तुम्ही मला नाना पेठेत पाठवलंत. पार्ट तुम्ही आणा, बिल तुमच्या नावावर घ्या. काउंटरवरच्या काकांनी चासी नंबर विचारला आणि म्हणाले, नुसती चेन नेऊ नका, टेन्शनर आणि गाईडही न्या, नाहीतर मेस्त्री तुम्हाला परत पाठवतील. तुम्ही तेच लिहून दिलेलं होतं. चिठ्ठी बघून काका म्हणाले, "मग ठीक. हातात कागद देणारा मेस्त्री आहे."

जुनी चेन आणि नवी चेन तुम्ही भिंतीवरच्या एकाच खिळ्याला शेजारी शेजारी अडकवलीत. जुनी खाली लोंबत होती, जेमतेम नखाएवढी. मी म्हटलं, एवढ्याशाने? तुम्ही म्हणालात, लोखंड ताणलं जात नाही ताई, प्रत्येक कडीतली पिन केसभर झिजते, सगळ्यांचं मिळून एवढं होतं. आणि आणखी काही महिने अशीच चालवली असती तर चेनने दात सोडला असता, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले असते, आणि मग हेडचं काम. खंबाटकीत झालं असतं तर, हा विचार मी पुढे करत नाही.

सर्व्हिस तर वेळच्या वेळी केली होती, मग असं का, हे विचारल्यावर तुम्ही दिलेलं उत्तर मी आता सगळ्यांना ऐकवते. गाडी किलोमीटर मोजते, उभं राहणं मोजत नाही. सिंहगड रोडवर उड्डाणपुलाचं काम चाललं होतं त्या काळात राजाराम पुलाच्या चौकात आम्ही किती वेळ नुसतं इंजिन चालू ठेवून बसायचो, ते मीटरवर कुठेच आलेलं नाही. तेल मात्र तेवढं म्हातारं झालं. म्हणून आता ऑइल किलोमीटरवर न थांबता, आधी बदलायचं, आणि कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं. जाड तेल टाकलं की आवाज दबतो असा सल्ला मला एकाने दिला होता. तो ऐकून तुम्ही जे तोंड केलंत, ते मला लिहिता येणार नाही.

दादा, हुशार मेस्त्री पुण्यात पुष्कळ असतील. सर्व्हिस सेंटरमध्येही असतील. काचेच्या पलीकडे निळ्या कपड्यांत काम करणाऱ्या त्या पोरांपैकी कुणाला तरी माझ्याशी थेट बोलू दिलं असतं, तर कदाचित त्यानेही ओळखलं असतं. पण तिथे माझं बोलणं टॅबमध्ये जायचं, तिथून जॉबकार्डावर, तिथून आत, आणि वाटेत कुठेतरी आवाज गळून जायचा. समोरच्याला त्याच्या वस्तूतलं काही कळत असेल, एवढं तरी गृहीत धरावं की नाही? बाईला गाडीतलं कळत नाही, म्हाताऱ्याला त्याच्याच दुखण्यातलं कळत नाही, शेतकऱ्याला पंपातलं कळत नाही, असं ठरवूनच लोक काउंटरमागे बसतात. सासूबाईंच्या गुडघ्याचंही असंच झालं होतं. एक्स-रे बघत राहिले सगळे. कुठल्या पायरीला दुखतं, हे विचारलं ते अखेर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी. त्या आणि तुम्ही एकमेकांना ओळखत नाही, पण मी तुम्हा दोघांची नावं घरात एका दमात घेते.

तुमचा तो पोरगा, ज्याने कंप्रेसर बंद केला, तो सगळं नीट बघत होता. कव्हर लावताना तुम्ही त्याला स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून परत एकदा ऐकायला लावलंत, नव्या चेनचा. म्हणजे आणखी काही वर्षांनी माझ्या मुलीची गाडी खरखरायला लागली, तर जायला जागा आहे.

एक काम राहिलंय. माझ्या गाडीतून काढलेला पहिला कॅम सेन्सर चांगला होता, हे आता उघड आहे. तो मी त्या सर्व्हिस सेंटरकडे लेखी मागितला आहे. "जुने पार्ट स्क्रॅपला जातात मॅडम," असं उत्तर आलं. मी परत लिहिलंय. मिळाला की तुमच्याकडे आणून देते, कुणाच्या तरी गाडीला लागेल.

आपली,
पांढऱ्या हॅचबॅकवाली ताई