साहेबाचा स्वभाव आणि रेटिंगचा कोटा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कामाच्या ताणाविषयी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेले काही आठवडे चर्चा चालू आहे. वरिष्ठ उद्धट असतात, अपरात्री फोन करतात, चारचौघांत पाणउतारा करतात, अशी तरुण वाचकांची तक्रार आहे. तर हल्लीची मुलेच नाजूक झाली आहेत, असे काही ज्येष्ठ वाचकांचे निदान आहे. दोन्ही बाजू माणसांच्या स्वभावाबद्दलच बोलत आहेत. मी एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मनुष्यबळ विभागात नोकरीची बहुतेक वर्षे काढून निवृत्त झाले आहे. स्वभावाची चर्चा थोडी बाजूला ठेवून या कंपन्यांमध्ये बढती, पगारवाढ आणि गच्छंती कशी ठरते तिकडे पाहिले, तर असे साहेब एकाच क्षेत्रात इतक्या संख्येने का सापडतात याचा बराचसा उलगडा होतो, असे मला सुचवायचे आहे.

रेटिंग म्हणजे वर्षाच्या कामाला मिळणारा शेरा, आणि किती जणांना चांगला व किती जणांना वाईट शेरा द्यायचा याची आधीच ठरवलेली टक्केवारी म्हणजे त्याचा कोटा. या पद्धतीचे मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाही. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक या अवाढव्य कंपनीचे १९८१ ते २००१ या काळातले प्रमुख जॅक वेल्च यांनी दरवर्षी कर्मचाऱ्यांची तीन गटांत वाटणी करण्याचा आग्रह धरला. वरचे २० टक्के, मधले ७० टक्के आणि तळाचे १० टक्के. तळाच्यांनी बाहेरची वाट धरावी, ही अपेक्षा. त्या काळी वेल्च म्हणजे व्यवस्थापनशास्त्रातले दैवत होते, त्यामुळे पुढे तंत्रज्ञान कंपन्यांनीही ही वाटणी थोड्याफार फरकाने उचलली आणि आपल्याकडे ती बेल कर्व्ह म्हणून रुजली. हजारो माणसांच्या उंचीचा किंवा गुणांचा आलेख घंटेच्या आकाराचा येतो हे खरे आहे; परंतु चार-चार मुलाखतींच्या चाळण्यांतून निवडलेल्या बारा जणांच्या टीमवर तोच आलेख बसवणे म्हणजे गुणवत्ता यादीतल्या दहा मुलांचा वर्ग करून त्यातल्या एकाला नापास करायचेच, असे आधी ठरवण्यासारखे आहे.

मायक्रोसॉफ्टचे उदाहरण या बाबतीत सर्वांत बोलके आहे, कारण तिथे ही पद्धत वर्षानुवर्षे मुरली, तिचे दुष्परिणाम जगजाहीर झाले आणि अखेर कंपनीने स्वतःच ती मोडीत काढली. ऑगस्ट २०१२ मध्ये 'व्हॅनिटी फेअर' मासिकाने कंपनीच्या पीछेहाटीवर प्रदीर्घ लेख छापला होता. त्यासाठी मुलाखत दिलेल्या प्रत्येक आजी-माजी कर्मचाऱ्याने सर्वांत विध्वंसक गोष्ट म्हणून याच पद्धतीकडे बोट दाखवले होते. दहा जणांची टीम असेल तर पहिल्या दिवसापासून ठाऊक असे की दोघांना उत्तम शेरा मिळणार, सात जण मधल्या रांगेत राहणार आणि एकाच्या माथी वाईट शेरा बसणार, मग दहाच्या दहा जण कितीही हुशार असोत. साहजिकच हुशार अभियंते दुसऱ्या हुशार अभियंत्यांच्या टीममध्ये जायला नाखूश असत, सहकाऱ्याला माहिती देताना ती पुरी दिली जाणार नाही याची काळजी घेत आणि गुगल किंवा ॲपलशी करायची स्पर्धा शेजारच्या खुर्चीशी करत. नोव्हेंबर २०१३ मध्ये तत्कालीन मनुष्यबळ प्रमुख लिसा ब्रुमेल यांनी ठरावीक टक्केवारी आणि श्रेणी हे दोन्ही बंद केल्याचे सर्व कर्मचाऱ्यांना लेखी कळवले. सत्या नाडेला प्रमुख झाले ते फेब्रुवारी २०१४ मध्ये. त्यांच्या कारकिर्दीत तिथले वातावरण निवळले हे कौतुकाने सांगितले जाते आणि त्यात तथ्यही आहे. पण कोटा त्यांच्या आधी, आधीचे प्रमुख स्टीव्ह बामर यांच्या शेवटच्या महिन्यांत गेला होता, हे नाडेलांच्या चाहत्यांच्या भाषणांत सहसा येत नाही. त्यानंतरची कंपनीची भरभराट केवळ या एका निर्णयामुळे झाली असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. त्यात क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरून संगणकसेवा भाड्याने देण्याच्या, धंद्याचा वाटा फार मोठा आहे.

आता हा कोटा प्रत्यक्षात कसा भरला जातो ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला ते दिसत नाही. आमच्याकडे त्याला नॉर्मलायझेशन म्हणत. आर्थिक वर्ष संपता संपता एका बंद खोलीत आठ-दहा मॅनेजर जमत. भिंतीवर एक्सेलचा तक्ता असे. डावीकडे नावे, उजवीकडे रेटिंग आणि सर्वांत खाली टक्केवारी मोजणारी एक ओळ, जी मर्यादेबाहेर गेली की लाल होई. बैठक संपेपर्यंत ती ओळ हिरवी व्हावी, एवढेच माझ्या विभागाचे काम. सकाळी चर्चा कामाच्या दर्जावर चाले. दुपारनंतर सौदे सुरू होत: तुझा एक माणूस यंदा खाली घे, पुढच्या वर्षी मी माझा देईन. ज्याचा मॅनेजर त्या दिवशी रजेवर, त्याची बाजू मांडणारे कोणी नसे. वर्षातले सहा महिने बाळंतपणाच्या रजेवर असलेली मुलगी, प्रोजेक्ट संपल्यामुळे बेंचवर, म्हणजे पुढच्या कामाची वाट पाहत, बसलेला मुलगा, आणि जो नीट काम करतो पण बोलत नाही असा एखादा, ही नावे लाल ओळ हिरवी करायला हमखास उपयोगी पडत. 'व्हिजिबिलिटी कमी आहे', म्हणजे वरिष्ठांच्या नजरेत काम भरत नाही, हे तेव्हाचे ठरलेले कारण. आधी आकडा ठरे आणि मग त्या आकड्याला साजेशी कारणे लिहिली जात.

आणि खरी मेख इथेच आहे. चांगले काम करणाऱ्या माणसाला समोर बसवून 'तू कमी पडलास' असे पटवून देण्याचे काम दरवर्षी मॅनेजरच्या गळ्यात येते. ज्यांना ते जड जाते ते मॅनेजर पुढच्या वर्षी पुन्हा तांत्रिक कामाकडे वळतात किंवा नोकरी सोडतात. ज्यांना ते जड जात नाही, जे वर्षभर बारीकसारीक चुकांची नोंद ठेवतात, सगळ्यांना सीसीमध्ये घेऊन खरमरीत ईमेल लिहितात आणि एप्रिलमध्ये तीच पुराव्यादाखल काढतात, ते टिकतात आणि वर चढतात. दहा-पंधरा वर्षे अशी चाळणी चालली की वरच्या मजल्यावर कोणत्या घडणीची माणसे उरतील हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

रेटिंगचा आणखी एक उपयोग उबर कंपनीच्या प्रकरणात उघड झाला. सुझन फाउलर या अभियंत्या तरुणीने कंपनी सोडल्यावर १९ फेब्रुवारी २०१७ रोजी आपला अनुभव जाहीरपणे लिहिला. टीममध्ये रुजू होण्याच्या पहिल्याच दिवशी वरिष्ठाने कंपनीच्या चॅटवर लैंगिक स्वरूपाचे संदेश पाठवले. तक्रार केल्यावर मनुष्यबळ विभागाने सांगितले की त्याची ही पहिलीच चूक आहे आणि तो उत्तम कामगिरी करणारा आहे. त्याच माणसाबद्दल इतर स्त्रियांनीही आधी तक्रारी केल्या होत्या, हे तिला पुढे कळले. या भागाची चर्चा जगभर झाली. त्यामानाने कमी चर्चा झालेला भाग असा की तिने दुसऱ्या विभागात बदली मागितली, तेव्हा आधी दिले गेलेले तिचे रेटिंग मागाहून बदलण्यात आले आणि त्या बदललेल्या रेटिंगमुळे बदली अडली. तिने सांगितलेली जॅकेटची गोष्टही लक्षात राहण्यासारखी आहे. विभागातल्या सर्वांना चामड्याची जॅकेटे द्यायचे ठरले. पण स्त्रिया सहाच उरल्या असल्याने त्यांच्या मापाच्या जॅकेटांवर घाऊक सवलत मिळत नव्हती, म्हणून १२० हून अधिक पुरुषांना जॅकेटे मिळाली आणि या सहा जणींना नाही.

पुढे वीसहून अधिक कर्मचारी काढले गेले, अमेरिकेचे माजी ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांच्या चौकशीचा अहवाल आला आणि संस्थापक ट्रॅव्हिस कॅलनिक यांना जून २०१७ मध्ये प्रमुखपद सोडावे लागले. कंपनीच्या घोषित मूल्यांत दुसऱ्याच्या पायावर पाय देण्याची मुभा हे एक मूल्य म्हणून अभिमानाने लिहिलेले होते. ते काढून टाकण्याची शिफारस होल्डर यांना करावी लागली. जिथे उर्मटपणा भिंतीवर लावलेला असतो, तिथे एखाद्या उर्मट माणसाची बदली करून काय साधणार?

अशा कंपनीत माणसे राहतात तरी का, असा प्रश्न काही वाचकांनी विचारला आहे. ॲमेझॉनमधील कामाच्या पद्धतीवर 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ऑगस्ट २०१५ मध्ये सविस्तर वृत्तांत छापला, तेव्हा जेफ बेझोस यांनीही कर्मचाऱ्यांना अशाच अर्थाचे लिहिले होते की लेखात वर्णन केलेल्या कंपनीत राहणे वेडेपणाचे ठरेल आणि आपण स्वतः तर अशी कंपनी सोडून देऊ. बेझोस यांना ते सहज जमेल यात शंका नाही. अमेरिकेत सिॲटल किंवा सान होजे येथे एच-१बी या नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर काम करणाऱ्या नाशिकच्या किंवा साताऱ्याच्या मुलाला मात्र नोकरी गेल्यापासून साधारण ६० दिवसांत दुसरी कंपनी शोधावी लागते, अन्यथा मुलांची शाळा आणि घराचे कर्ज मागे टाकून परतावे लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटरच्या उरलेल्या कर्मचाऱ्यांना पराकाष्ठेचे कष्ट करण्याची तयारी दाखवा अन्यथा निघा, असे कळवून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली, तेव्हा ही निवड सर्वांना सारखी खुली नव्हती. पुण्यात व्हिसा नसतो, पण ९० दिवसांचा नोटीस पीरियड आणि रिलिव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून रीतसर मुक्त केल्याचे पत्र, अडकण्याची धास्ती असते.

आपल्याकडच्या मोठ्या आयटी कंपन्या तिमाही निकालांबरोबर स्वेच्छेने सोडून गेलेल्यांची टक्केवारी जाहीर करतात आणि वर्तमानपत्रे ती छापतात. माझ्या कंपनीत पीआयपीवर (परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, म्हणजे ठरावीक मुदतीत काम सुधारून दाखवण्याची ताकीद) टाकलेल्या माणसाला दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत समजावले जाई की काढून टाकल्याची नोंद झाली तर पुढे अडचण येईल, त्यापेक्षा राजीनामा देणे तुमच्याच हिताचे आहे. तो पोर्टलवर राजीनामा भरे. कारणाच्या रकान्यात सात-आठ पर्याय असत. त्यातला 'वैयक्तिक कारण' हा पर्याय निवडा, असे त्याला शेजारी बसून सांगितले जाई. त्याची गणना कुठल्या आकड्यात होत असे हे वाचकांच्या लक्षात येईल.

कायद्याकडे पाहावे तर महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ कामाच्या तासांना मर्यादा घालतो आणि जादा तासांना दुप्पट मोबदला देण्यास सांगतो. पण व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय आणि गोपनीय स्वरूपाच्या पदांना त्यातून वगळले आहे, आणि आयटी कंपनीत तीन वर्षांत टीम लीड होऊन पर्यवेक्षकांत मोडता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची नऊ तासांची मर्यादा दहापर्यंत नेण्यास मान्यता दिली. नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये आठवड्याला ७० तासांचा सल्ला दिल्यापासून सारा वाद तासांभोवती फिरतो आहे. तास निदान मोजता तरी येतात. रेटिंगकडे कायद्याचे लक्षच नाही, आणि रेटिंगच्या धाकाने माणूस कोणी न सांगता अकराव्या तासालाही बसून राहतो.

कोटा नसेल तर कामचुकार लपून राहतील, हा आक्षेप मी नोकरीत असताना शेकडो वेळा ऐकला आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. काम न करणारी माणसे असतात, त्यांच्यामुळे इतरांवर भार पडतो आणि अशा माणसाला वेळीच, पुराव्यासह, लेखी सांगणे हे मॅनेजरचे कर्तव्यच आहे. त्यासाठी किती जण कामचुकार निघावेत हे आधी ठरवण्याची गरज काय, याचे उत्तर मात्र मला कधी मिळाले नाही. इन्फोसिसने २०१५ च्या सुमारास सक्तीचा बेल कर्व्ह सोडला, म्हणून काही कामचुकारांचे राज्य आले नाही. उलट जानेवारी २०२५ मध्ये फेसबुकची मालक असलेल्या मेटाने कमी कामगिरीच्या नावाखाली सुमारे पाच टक्के कर्मचारी काढण्याचे जाहीर केले, तेव्हा त्या माणसांना पुढच्या मुलाखतीत काय ऐकावे लागणार याचा विचार कोणी केला होता की नाही कोण जाणे.

आपल्याला एक विनंती करून थांबते. कॅम्पस प्लेसमेंटचा हंगाम आला की सर्वच दैनिकांप्रमाणे आपल्या दैनिकातही पॅकेजचे आकडे ठळकपणे येतात. त्या बातमीसाठी कंपनीच्या प्रतिनिधीशी बोलताना आपल्या वार्ताहरांनी आणखी तीन प्रश्न विचारावेत. रेटिंगला ठरावीक टक्केवारीची मर्यादा आहे का? मिळालेल्या रेटिंगची कारणे लेखी मिळतात का, आणि त्याविरुद्ध आपल्या मॅनेजरच्या साखळीबाहेर कुठे दाद मागता येते का? गेल्या वर्षी राजीनामा दिलेल्यांपैकी किती जण त्याआधी पीआयपीवर होते? उत्तर मिळाले नाही, तर कंपनीने उत्तर दिले नाही एवढी एक ओळ पॅकेजच्या आकड्याशेजारी छापावी.

आपली,
मनुष्यबळ विभागातील एक निवृत्त अधिकारी
कोथरूड, पुणे